बोरगावचं काळं पाणी

सौसर
१० नोव्हेंबर १९५७

ती. दादास,

साष्टांग नमस्कार आज राहू दे. आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे, मग नमस्काराचं बघू.

तुझे शब्दांचे कागद मिळाले. कायद्याचं मराठी घडवायच्या कामावर तुला नागपुरात नेमलं हे कळलं तेव्हा मी आईच्या फोटोला हार घातला होता. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना विजू मेली जळते, असं तुला म्हणता यायचं नाही. तू लिहिलं होतंस, 'तुरुंग आणि शिक्षा यांचे हे शब्द खेड्यातल्या माणसांना वाचून दाखव आणि समजतात का ते कळव.' म्हणून बाजाराच्या दिवशी माझ्या ओसरीवर टेकलेल्या बायकांना मी ते वाचून दाखवले. त्यांत बोरगावची शकुबाई होती. भाजीची टोपली रिकामी झाली की ती माझ्याकडे पाणी प्यायला थांबते.

'साधा कारावास' वाचला आणि सांगितलं, यात कैद्याला काम नसतं.

"म्हंजे बसून खायाचं?" शकुबाई म्हणाली. "मंग याले शिक्षा काहून म्हन्ता बाई? याले तं पाव्हनपन म्हना."

बायका हसल्या. 'सश्रम कारावास' सांगितल्यावर ती म्हणाली, "थे तं आमी जल्मभर करून राह्यलो." मग मी 'जन्मठेप' वाचलं आणि समजावलं, की पूर्वी याला काळं पाणी म्हणायचे. शकुबाई जायला उठली होती, ती टोपली घेऊन पुन्हा खाली बसली.

तुला शकुबाई आठवत नसेल. तिचा मुलगा कवडू तरी आठवतो का? शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेल्या भांडणात त्याची कुऱ्हाड शेजाऱ्याला लागली आणि तो माणूस मेला. साल शेहेचाळीस. सेशन जज्जसाहेबांनी इंग्रजीत शिक्षा वाचली आणि ती मराठीत सांगायला व्हरांड्यात आलेला दुभाषी तू होतास. तू सांगितलंस, काळं पाणी. शकुबाईने विचारलं, "म्हंजे कोठी?" तू म्हणालास, "समुद्रापार." आणि आत निघून गेलास. हे मला तिनेच सांगितलं. तू कशी मान वर करून सांगितलंस, तेही करून दाखवलं.

समुद्रापार गेलेला माणूस परत आल्याचं बोरगावात कोणी पाहिलेलं नाही. गावाने वर्षभर वाट पाहिली आणि कवडूचा पुतळा केला. पळसाच्या पानांचं अंग, नारळाचं डोकं. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून चुलतभाऊ जयवंताने अग्नी दिला. गावाला तेरवीचं जेवण घातलं. कवडूची बायको कला हिचं कुंकू पुसलं.

आता ऐक. गेल्या आठवड्यात हा जयवंता संत्र्यांची बैलबंडी घेऊन नागपूरला गेला होता. जेलच्या भिंतीबाहेरच्या मळ्यात कैदी वांगी तोडत होते. त्यातला एक कुंपणाशी आला आणि म्हणाला, "जयवंता, माय हाय का?"

जयवंताने बैलांना जी दौड दिली, ती दोन कोस थांबवली नाही. घरी येऊन तापाने फणफणला. गावात सगळे सांगतात, त्याला कवडूचं भूत दिसलं. लिंबू उतरवून झालं, कोंबडं कापून झालं. एकटी शकुबाई मानत नाही. "भुताले मालूम असतं बाई, माय हाय का मेली थे. भूत काहाले इचारन?"

तर माझा प्रश्न हा. शेहेचाळीस साली इथले कैदी अंदमानला जात होते का? तू कोर्टात होतास, तुला माहीत असणार. एका ओळीत कळव.

विजयमाला

सौसर
२४ नोव्हेंबर १९५७

दादा,

मी एक ओळ मागितली, तू चार पानं पाठवलीस. माझी ओळ तिसऱ्या पानाच्या तळाशी सापडली: 'लढाईपासून तिकडे कोणालाही पाठवले जात नव्हते, हे सर्वश्रुत होते.'

सर्वश्रुत! कोणाला रे? जज्जला ठाऊक, वकिलांना ठाऊक, तुला ठाऊक. बोरगावला कोणी सांगायचं होतं? सांगायला तर तूच उभा होतास. त्याचाच तुला पगार होता.

तू लिहितोस, दोन वर्षांपूर्वीपर्यंत कायद्यात शब्दच तो होता, इंग्रजीत जे होते तेच तू मराठीत दिलेस. 'भाषांतरकार पदरचे काही घालत नाही.' या वाक्याखाली तू रेघ मारली आहेस. दादा, वहिनींच्या भावाबद्दल इंग्रजी तार आली होती, तेव्हा तू ती नुसती वाचून दाखवलीस का? तार दोन शब्दांची होती, 'ब्रदर सीरियस'. तू वहिनींना धरून खाटेवर बसवलंस आणि म्हणालास, घाबरू नकोस, तो दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे, आपण संध्याकाळच्या गाडीने निघतोय. तारेत शुद्धीचं काही नव्हतं. मी तिथेच होते. बायकोसाठी तुला पदरचं घालता आलं आणि ते बरोबरच केलंस. शकुबाईसाठी 'तो नागपूरलाच राहील, जाऊन भेटत जा' एवढं घालायला तुझं काय जात होतं? तोंड दुखलं असतं?

'कोणी विचारले नाही' असंही लिहिलं आहेस. तिने विचारलं होतं. तू ज्याला उत्तर म्हणतोस ते ऐकून ती घरी गेली आणि तिने मुलाचा पुतळा जाळला.

आणि शेवटी काय, तर 'विषय वाढवू नकोस, माझ्या बढतीचे कागद वर गेले आहेत.' हे वाचल्यावर मी ते पत्र चुलीत घालणार होते. घातलं नाही, कारण तुझ्याच अक्षरात आहे, उद्या नाही म्हणशील.

वहिनी मागे म्हणाल्या होत्या, की तुमच्या नव्या बिऱ्हाडी पहाटे जेलची घंटा ऐकू येते. मागच्या वर्षी राज्य फुटलं, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो, तू ऑप्शन देऊन तिकडे मराठी मुलखात गेलास, तेव्हापासून रोज ती घंटा ऐकत उठतोस आणि जन्मठेपेला चांगला शब्द शोधायला बसतोस. एकदाही मनात आलं नाही की आपण ज्यांना व्हरांड्यात शिक्षा सांगितल्या ते सगळे या भिंतीआड असतील?

शाळेची रजा मिळाली की मी शकुबाईला घेऊन जेलला भेटीला येते आहे. दिवस ठरला की कळवीन. यायचं तर फाटकापाशी ये.

विजू

पांढुर्णा
२९ डिसेंबर १९५७

दादा,

तू फाटकापाशी आला नाहीस. शिपायाबरोबर निरोप पाठवलास, कचेरीत साहेब आलेत. तासभर शकुबाई विचारत होती, "बाबू आले का?" मला वाटलं ती तुला जाब विचारणार. नाही. म्हणाली, "मानूस वयखीचा असला म्हंजे जेहलात लवकर सोडते."

मी पांढुर्ण्याला हिंदीच्या वर्गासाठी आले आहे. राज्य बदललं म्हणून आम्हा मराठी मास्तर-मास्तरणींना हिंदीची परीक्षा. सकाळपासून 'बंदीगृह' आणि 'दंडनीय' घोटतोय. तिकडे तुम्ही नवे शब्द काढताय, इकडे हे काढताहेत. शकुबाईला दोन्हीकडचं सारखंच कळतं. आज वर्गात माझं लक्ष नव्हतं, म्हणून मागच्या बाकावर बसून तुला लिहिते आहे.

जेलमध्ये काय झालं ते तुला ऐकावंच लागेल.

जाळीपलीकडे एक टकलू माणूस आणून उभा केला. शकुबाई माझ्याकडे बघायला लागली, म्हणजे हा कोण. तो म्हणाला, "माय." तेव्हा तिने जाळीतून दोन बोटं आत घातली आणि त्याच्या हनुवटीला लावली. पहिलं काय विचारलं, तर "भाकर भेटते का?"

मग तो म्हणाला, "अकरा वर्सं कोनी आलं नाई. मले वाटलं, मानूस मारला म्हून मायनं टाकलं."

"अरे, तुले समुद्रापार नेलं म्हून सांगतलं व्हतं आमाले."

"मले बी थेच सांगतलं व्हतं."

दादा, पुढचं त्याच्याच शब्दांत देते, पदरचं काही घालत नाही. "पह्यलं वरीस मी जहाजाची वाट पाहून राह्यलो. फाटक वाजलं का वाटे, आता नेते. रातच्याले झोप नाई. समुद्र कसा असते, कोन जाने. मंग एका जमादारानं सांगतलं, थे जहाजं कवाचीच बंद झाले, तू आता अठीच. लय हासला थो. मले वाटलं, घरी बी सांगतलं असन. मंग तुमी आले नाई. मले राग आला. म्हटलं, येत नाई तं नोका येऊ, मी बी नाई बलावत."

एका जेलजमादाराने हसत हसत का होईना, जे सांगितलं, ते तुला व्हरांड्यात उभं राहून सांगता आलं नाही.

मग त्याने विचारलं, "कला?"

मी म्हणणार होते, नंतर बोलू. शकुबाईने मला हाताने थांबवलं. "कला मोहगावले हाय. मीच तिचा पाट लावून देल्ला. तिचं कुकू मीच पुसलं व्हतं, मीच लावलं. दोन लेकरं हायेत, नवरा चांगला हाय."

कवडू जाळी धरून उभा राहिला. शिपाई वेळ संपली म्हणाला तेव्हा तो एवढंच बोलला, "बरं केलं."

बाहेर आल्यावर शकुबाई रडली. मला रडू आलं नाही. मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. तुझ्या घरावरूनच आमचा टांगा गेला. तुझ्या खिडकीत दिवा होता. मी थांबवला नाही, कारण त्या वेळी मी वर आले असते तर वहिनींसमोर नको ते बोलले असते.

आता कामाचं. त्याची माफी मंजूर झाली आहे, संक्रांतीनंतर सुटेल. पण बोरगाव त्याला घेत नाही. चावडीवर पाटील मला म्हणाला, "बाई, जाळलेला मानूस शिवेच्या आत कसा घ्याचा? अन् आमी काई मनानं जाळलं नाई. सरकारी मानसानं सांगतलं, काळं पानी, म्हून जाळलं. त्याच मानसानं अठी येऊन चार लोकाईत सांगावं का माहं सांगनं चुकलं. मंग आमी त्याचं पुन्हा बारसं करू, न्हाऊ घालू अन् घरात घेऊ."

मला त्याचं म्हणणं पटलं. जयवंता मात्र खाली बघत होता. कवडूचं शेत आज त्याच्याकडे आहे. जयवंता वाईट माणूस नाही, पण शेत सोडण्याइतका चांगलाही नाही. तू आला नाहीस तर त्याला बरंच आहे.

एक दिवस ये. एक वाक्य बोल. तुझ्या कोशातला कोणताही शब्द त्यात लागत नाही.

विजू

सौसर
१९ जानेवारी १९५८

दादा,

तू आला नाहीस, तुझा दाखला आला. टाइप केलेला, खाली सही, तारीख, सगळं झकास. चार दिवसांपूर्वी चावडीवर मी तो मोठ्याने वाचला: 'तत्कालीन दंडसंहितेतील संज्ञेचा यथामूल अनुवाद करण्यात आला होता. तदनंतर सदर संज्ञेत विधिवत् परिवर्तन झालेले आहे.'

पाटील म्हणाला, "आखीन एकडाव वाचा." मी पुन्हा वाचलं. मग त्याने शांतपणे विचारलं, "बाई, याच्यात कवडू जिता हाय का मेला?"

मी कागद उलटा करून पाहिला. दादा, तुझ्या दाखल्यात कवडू कुठेच नाही. त्याचं नाव नाही, गाव नाही, 'माणूस' हा शब्दसुद्धा नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "बाईचा भाऊ लय शिकेल हाय," आणि लोक हसले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. एवढी लाज मला शाळेत इन्स्पेक्टरसमोर कधी वाटली नाही. उठता उठता जयवंता म्हणाला, "सरकारी कागदात बी चूक झाली असं लिवलं नाई, मंग आपन कसं म्हनावं?" तुझा कागद त्याच्या कामी आला. तुला वाटत असेल आपण कोणाची बाजू घेतली नाही. घेतलीस की.

परवा कवडू सुटला. मी आणि शकुबाई आणायला गेलो होतो. बोरगावच्या शिवेपर्यंत तो चालत आला आणि तिथेच थांबला. शिवेवर पाच-सहा माणसं उभी होती. कोणी काठी उगारली नाही, कोणी शिवी दिली नाही. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "कवडू, लेका, आमाले भेव वाटते. लेकराबायाचं गाव हाय." कवडूने त्यालाही हात जोडले आणि माघारी फिरला.

मायलेक आता जामसांवलीला मारुतीच्या देवळाच्या धर्मशाळेत आहेत. तिथे कोणी कोणाला गाव विचारत नाही. शकुबाईने तीन दगडांवर चूल मांडली आहे. मुलगा जिवंत आहे म्हणून ती खूश आहे, आणि घरी नेता येत नाही म्हणून रात्रंदिवस स्वतःशी बोलते. मी म्हटलं, माझ्याकडे राहा. म्हणाली, "आपलं घर असून लोकाच्या घरात राहाव का? मंग थो जेहलातच बरा व्हता."

मी तुझ्यावर रागावले आहे हे तुला आता कळलं असेल. पण तू समजतोस तसं चुकीच्या शब्दासाठी नाही. चुका होतात, मुलांच्या वह्यांत मी रोज सुधारते. एवढं कळूनही तू जागचा हलत नाहीस, यासाठी मी रागावले आहे. आपले अण्णा असते तर त्यांनी तुझा कान धरून तुला गाडीत बसवलं असतं. मला ते करता येत नाही, याचाही राग आहे.

विजू

जामसांवली
२ फेब्रुवारी १९५८

दादा,

या पाकिटावर पोस्टाचं तिकीट नाही, ते तू पाहिलंच असशील. ज्याने हे तुझ्या हातात दिलं, तो कवडू.

दार लावू नकोस. त्याच्या हातातल्या पिशवीत संत्री आहेत. शकुबाईने दिली आहेत, कारण कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये असं तिचं म्हणणं. तुझ्यासाठी काय न्यावं याबद्दल माझं म्हणणं वेगळं होतं, ते तिने ऐकलं नाही.

नागपूरला जायचं त्यानेच ठरवलं. मी काय काय बोलायचं ते त्याला दोन दिवस शिकवत होते. तुझी पत्रंसुद्धा वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, मी काई बोलनार नाई. त्याईनं मले कवा धड पाह्यलंच नाई. कोर्टात कागद पाहून सांगतलं. आता मले पाह्यलं का सांगाले येईन त्याईले." मला ते अजिबात पटलेलं नाही. इतका भोळेपणा मला सोसत नाही. पण आयुष्य त्याचं आहे, मी मधे येत नाही.

उद्या सकाळी बोरगावच्या चावडीवर गाव जमणार आहे. मी पाटलाला सांगून टाकलं आहे की तू येतोस. तुला न विचारता सांगितलं, आणि पुन्हा सांगावं लागलं तर पुन्हा सांगेन. मोहगावहून कला येते आहे, तिचा नवराही बरोबर आहे. तिला काही मागायचं नाही. ती म्हणाली, "माहं कुकू कोन्या मानसाच्या सांगन्यानं पुसलं, थो मानूस मले पाहाचा हाय." तू आला नाहीस तर तिला मी काय दाखवू, तुझा दाखला?

परत यायला संध्याकाळची छोट्या रुळांची गाडी आहे. नागपूरला उतरल्याबरोबर कवडू परतीची दोन तिकिटं काढून ठेवणार आहे, जेलमध्ये केलेल्या कामाच्या मजुरीतून. मी पैसे देत होते, त्याने घेतले नाहीत. त्यातलं एक तुझं.

आता हे पत्र बाजूला ठेव आणि त्याला आत घे. पाट मांड. दोन पानं शेजारी शेजारी वाढायला सांग. वहिनी बाहेर येऊन विचारतील, "हे कोण आले?" त्यांना उत्तर कवडूने द्यायचं नाही, तू द्यायचंस. त्याचं नाव सांग, गाव सांग, आणि अकरा वर्षं तो कुठे होता आणि कोणामुळे त्याच्या आईला ते कळलं नाही, तेही सांग. आधी घरात बोल. मग चावडीवर जड जाणार नाही.

विजू